बादलीतला पूर, नाल्यातला पूर

प्रति,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर,
आणि जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे, तंत्रनिकेतनांचे, आयटीआयचे सर्व प्राचार्य

सप्रेम नमस्कार.

मी आयटीआयमधून निवृत्त झालेला शिल्पनिदेशक. ट्रेड इलेक्ट्रिशियन. नोकरी संपल्यापासून दर हिवाळ्यात मला एक नवं काम लागलं आहे, ते परीक्षक म्हणून जाण्याचं. डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. ‘सर, आमच्याकडे हवामान बदलावर विद्यार्थ्यांची नवकल्पना स्पर्धा आहे, तुम्ही यायलाच पाहिजे.’ मी जातो. मुलांशी बोलायला आवडतं, आणि खरं सांगायचं तर दुपारचं जेवणही बरं असतं. घरात आता इतक्या शाली जमल्या आहेत की नागपूरच्या जेमतेम दोन महिन्यांच्या थंडीत त्या वापरायच्या कधी, हा आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न आहे. उन्हाच्या संकटावर बोलायला आलेल्या माणसाला शाल पांघरण्यातली गंमत अजून एकाही आयोजकाच्या लक्षात आलेली नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगतो. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही, कारण असंच मी आणखी चार ठिकाणी पाहिलं आहे. टेबलावर निळी प्लॅस्टिकची बादली होती. बादलीच्या काठावर आडवी पट्टी, पट्टीला अल्ट्रासॉनिक सेन्सर, त्यातून निघालेल्या वायरी एका अर्डुइनो बोर्डाला, म्हणजे तळहाताएवढ्या छोट्या संगणकाला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची मुलगी मगानं बादलीत पाणी ओतत होती. पाणी खुणेपर्यंत आलं की हिरवा दिवा विझून पिवळा लागायचा, मग लाल, मग भोंगा, आणि शेवटी माझ्याच मोबाइलवर मेसेज: ‘पुराचा धोका’. सभागृहात टाळ्या पडल्या. मी विचारलं, ‘बेटा, हे नाल्यावर लावून पाहिलं का?’

‘नाही सर. परवानगी कोणाला मागायची तेच नाही समजलं.’

तिच्या जोडीदारानं पुस्ती जोडली, ‘आणि सर, वाहून गेलं तर? आमच्या खिशातले पैसे लागून राहिले ना.’

आम्ही तिघा परीक्षकांनी त्या यंत्राला पहिलं बक्षीस दिलं. धनादेश, प्रमाणपत्र, फोटो. त्या फोटोत मीही आहे, म्हणजे पुढे जे म्हणणार आहे त्यातला माझा वाटा मला मान्य आहे.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे आमच्या घरात पाणी शिरलं. अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला एका लेआउटमध्ये आमचं बैठं घर आहे. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, सोळा भाज्या, पुरण, आंबील. भांडी घासायची तशीच राहिली होती. रात्री विजांचा कडकडाट सुरू होता, तेवढ्यावर कोण उठतं? पहाटे हिनं मला हलवलं, ‘अहो, पलंगाखालच्या चपला तरंगून राहिल्या.’ त्या रात्री मी एकच शहाणपणाचं काम केलं, मेन स्विच पाडला. मग अंधारात आईला शेजाऱ्यांच्या माडीवर नेलं. तांदळाची कोठी, शिलाई मशीन, मुलीची दहावीपासूनची पुस्तकं, सगळं गेलं. मुखवटे देवघरात उंचावर होते म्हणून राहिले.

त्या रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. शहराच्या वर्षभराच्या पावसाचा जवळपास दहावा हिस्सा एका झोपेत उतरला. अंबाझरी ओसंडला, नाग नदीच्या भिंती जागोजागी ढासळल्या, बर्डीवरचं मोरभवन बसस्थानक पाण्यात गेलं. हजारो घरांत चिखल आणि काही घरांत त्याहून वाईट. माणसं गेली. पाणी उतरलं तेव्हा आमच्या फाटकाच्या डाव्या खांबावर साडेतीन फुटांवर मातकट रेघ राहिली होती.

दिवाळीच्या सुमारास व्हेरायटी चौकात ती मुलगी भेटली. मी पहिल्यांदा यंत्राचंच विचारलं. ‘प्रोजेक्ट लॅबमध्ये जमा केला सर. सेन्सर दुसऱ्या ग्रुपनं काढून घेतला.’ म्हणजे पहिलं बक्षीस मिळालेलं पूर-इशारा यंत्र पुराच्या रात्री या शहरात होतं. सेन्सर नसलेलं, कपाटात.

यात त्या मुलीला, तिच्या शिक्षकांना किंवा त्या महाविद्यालयाला मी दोष देत नाही. स्पर्धाच तशी बेतलेली होती. सकाळी दहाला उद्घाटन, साडेचारला बक्षीस समारंभ. त्या वेळात पूर फक्त बादलीतच येऊ शकतो.

म्हणून तुम्हा सगळ्यांकडे एकच मागणी आहे. हवामानावरच्या स्पर्धेचा निकाल एका दिवसात, वातानुकूलित सभागृहात लावू नका. मुलांनी केलेली वस्तू वस्तीत, नाल्यावर, छपरावर बसू द्या. तिच्यावरून एक नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, आणि एक पावसाळा जाऊ द्या, आणि निकाल त्या दोघांना लावू द्या. आम्ही परीक्षक दिवाळीनंतर येतो आणि काय उरलं ते पाहतो. शाल तेव्हा तरी उपयोगी पडेल.

निमंत्रणपत्रिकांवर अलीकडे ‘स्थानिक हवामान-लवचीकता निर्मिती’ असं छापून येतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं योगासनांचा कार्यक्रम आहे. आपल्याकडे याला तग धरणं म्हणतात. आणि तग धरली की नाही हे संकट येऊन गेल्यावरच कळतं, आधी कळत नाही.

हॅकेथॉनच्या, म्हणजे सलग बसून प्रश्नाचं उत्तर तयार करायच्या स्पर्धेच्या, विरोधात मी नाही. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू आहे, आपल्या भागातली कितीतरी मुलं त्यात छत्तीस-छत्तीस तास जागली आहेत. त्या स्पर्धेची एक गोष्ट मला मनापासून पटते. तिथे प्रश्न मुलं शोधत नाहीत, खाती आणि उद्योग प्रश्न लिहून देतात. आपल्या कॉलेजांत उलटं चालतं. मुलं इंटरनेटवर उत्तर पाहतात, सामान आणतात आणि मग त्या उत्तराला शोभेल असा प्रश्न शोधतात. काही जण तर बर्डीच्या बाजारातून तयार प्रोजेक्टच विकत आणतात. परीक्षकांना ते कळत नाही असं मुलांना वाटतं. कळतं. सोल्डरिंगवरून कळतं.

तर आयुक्त साहेब, प्रश्न तुम्ही द्या. तुमचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनच्या अभियंत्याला सांगा, एक पान लिही: दरवर्षी न चुकता पाणी कुठे तुंबतं, किती वाजता तुंबतं, उतरायला किती वेळ लागतो, तुझ्या माणसांनी आजवर काय करून पाहिलं. नरेंद्रनगरचा पुलाखालचा रस्ता, लोहापूल, ही नावं तर कोणीही रिक्षावाला सांगेल. पण झोनच्या जुन्या मुकादमाला त्यापुढचंही ठाऊक असतं. कोणत्या चेंबरचं झाकण आधी उचललं जातं, कोणत्या वळणावर गाद्या अडकतात. होय, गाद्या. नाग नदीतून दर उन्हाळ्यात गाळ काढायला लावलेल्या माणसांना विचारा. असं दहा झोनचं दहा पानी गाठोडं मुलांच्या हातात पडलं, तर कुठल्याही प्रेरणादायी भाषणाची गरज राहणार नाही.

दुसरी गोष्ट परवानगीची. ती मुलगी ‘कोणाला मागायची’ म्हणाली, त्याचं उत्तर मी सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं काढूनही तिला देऊ शकलो नाही. पूल कोणाचा, नाला कोणाचा, त्यावरचा विजेचा खांब कोणाचा, या तीन प्रश्नांना तीन कार्यालयं आहेत. मुलांच्या दोन सत्रांत तीन कार्यालयं होत नाहीत. मला फायलीची बाजूही माहीत आहे. सही करणाऱ्याच्या डोक्यात एकच विचार असतो, उद्या काही झालं तर माझं नाव. तो विचार चुकीचा नाही. म्हणून प्रत्येक झोनमध्ये एकच पूल किंवा एकच नाला ठरवा, कठडा नीट करून घ्या, तिथे एक लोखंडी पेटी आणि एक वीजजोड द्या, आणि एका पानाचा आदेश काढा की या जागेवर विद्यार्थ्यांची उपकरणं बसतील, देखरेख अमुक अभियंत्याची. दहा झोन, दहा जागा. याला फार पैसा लागत नाही.

आता थोडं मोजण्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे. मुलांच्या कल्पना बहुतेक वेळा चांगल्याच असतात, मार खातात त्या मोजणीत.

३० मे २०२४ तुम्हाला आठवत असेल. नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि दुपारपर्यंत आपलं शहर देशभर गाजलं. नातेवाइकांचे पुण्या-मुंबईहून फोन, ‘जिवंत आहात ना?’ नागपूरचा नोंदलेला उच्चांक मे २०१३ मधला ४७.९ आहे, त्याच्या आठ अंश वर उडी कशी जाईल, हे विचारायला कोणी थांबलं नाही. त्याच दिवशी शहरातली दुसरी काही केंद्रं ४४ च्या आसपास होती. हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं स्पष्ट केलं. आदल्या दिवशी दिल्लीत मुंगेशपूरलाही ५२.९ चा असाच प्रकार झाला होता, तिथे सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता. हवामान खात्याच्या यंत्राचं असं होत असेल तर आमच्या मुलांच्या दीडशे रुपयांच्या सेन्सरचं काय? डीएचटी ११ नावाचा निळा सेन्सर प्रत्येक स्पर्धेत दिसतो. त्याची मर्यादाच ५० अंशांपर्यंतची आणि चूक दोन अंश इकडे-तिकडे. तो मे महिन्यात टिनाच्या छपरावर उघडा ठेवला तर त्याची मर्यादा दुपारी बारालाच संपते. हवेचं तापमान सावलीत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत मोजायचं असतं, हे मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. सांगितलं की ती पेटी एका रविवारी सुतारकाम करून आणतात. मी पाहिलं आहे.

बादलीवाल्या यंत्राचंही तसंच. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो, तो पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला ते पाहतो आणि त्यावरून अंतर काढतो. पण आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. पंचवीस अंशांना सेकंदाला साधारण ३४६ मीटर, पंचेचाळीस अंशांना ३५८. फेब्रुवारीतल्या सभागृहात जुळवलेलं यंत्र मे महिन्यात कोरड्या नाल्यावर लावलं, आणि तळ तीन मीटर खोल असला, तर यंत्राला तो दोन मीटर नव्वदवरच दिसेल. ती चुकीची खोली यंत्राच्या पोटात राहिली की पावसाळ्यात नाल्यात मीटरभर पाणी चढूनही ते नव्वद सेंटिमीटरच सांगणार. म्हणजे भोंगा दहा सेंटिमीटर उशिरा वाजणार. नाग नदी चढायला लागली की दहा सेंटिमीटर म्हणजे गंमत नव्हे. उपाय सोपा आहे, शेजारी एक तापमापी जोडायची आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवायची. पण ही चूक बादलीत कधीच सापडली नसती. नाल्यावर आणखीही मजा असते. सेन्सरच्या तोंडावर कोळी जाळं विणतो. पाण्याच्या आधी थर्माकोल वाहत येतो आणि यंत्र त्यालाच पूर समजतं. पेटीतली बॅटरी कोणीतरी काढून नेतं. यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक धडा आहे आणि तो शिकवायला मी असमर्थ आहे, नाला समर्थ आहे.

देशात दुसऱ्या कुठल्या शहराला मिळणार नाही अशी शेजारपाजारची मंडळी आपल्याला मिळाली आहेत. १९५८ पासून इथे असलेली नीरी, म्हणजे पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, सोनेगावला प्रादेशिक हवामान केंद्र आहे, व्हीएनआयटीच्या आवारात उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र आहे, कापसाची, संत्र्याची, मातीची राष्ट्रीय संस्था आहे. शून्य मैलाच्या दगडापासून रिक्षानं तासाभरात यातली कुठलीही गाठता येते. जिल्हाधिकारी साहेब, आपण यांना एक विनंतीपत्र पाठवा: वर्षातून एक दिवस, समजा मार्चचा पहिला शनिवार, मुलांनी आपापली उपकरणं घेऊन यावं आणि ती संस्थेच्या खऱ्या उपकरणाशेजारी ठेवून ताडून पाहावीत. व्याख्यान नको, चहा नको. टेबल आणि प्लग पॉइंट पुरे.

विषय कोणते द्यावेत, हे सांगायला मी तज्ज्ञ नाही, पण माझ्या ट्रेडचा एक विषय सांगितल्याशिवाय राहवत नाही. कूलर. नागपूरचा उन्हाळा कूलरवर चालतो. मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की ओल्या ताट्यांतून आलेला वारा खरोखर गार होतो, आणि गरिबाला परवडणारा दुसरा गारवा नाही. पण लोखंडी पेटी, आत पाणी, बाहेर ओली फरशी आणि स्वस्त पंप. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात, बहुतेक वेळा बाई किंवा लहान मूल. उष्माघाताच्या आकड्यांत हे मृत्यू धरत नाहीत, पण माझ्या हिशेबी हे उन्हाचेच बळी आहेत.

नोकरीत असताना मी एकदा माझ्या वर्गाला घेऊन एका वस्तीत घरोघर कूलर तपासले. बहुतेक ठिकाणी प्लगची तिसरी पिन कापलेली, नाहीतर आतून अर्थिंग कुठेच जोडलेलं नाही. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, असेल तर तो माणूस चिकटायच्या आत वीज तोडतो, पण घरमालक म्हणतो भाडेकरूनं लावावा आणि भाडेकरू म्हणतो मी उद्या खोली सोडली तर? मुलांनी तेव्हा एक छोटी पेटी केली होती, कूलर त्या पेटीत खोचायचा आणि पेटी भिंतीच्या प्लगमध्ये. खोली बदलली की पेटी सोबत. अर्थिंग नीट नसेल तर पेटीवरचा दिवाच लागायचा नाही. आम्ही ती एका प्रदर्शनात नेली. परीक्षकांनी विचारलं, ‘यात अ‍ॅप कुठे आहे?’ अ‍ॅप नव्हतं. तिसऱ्या फेरीत बाहेर.

ती पेटी अजून सुधारता येईल, स्वस्त करता येईल. आणि कूलरचा दुसरा, अवघड प्रश्न त्याहून मोठा आहे. रोहिणी संपून मृग लागलं, चार थेंब पडले की हवेत दमटपणा येतो आणि कूलर गार हवेऐवजी चिकचिक देतो. त्या दोन-तीन आठवड्यांत, पाऊस नीट लागेपर्यंत, टिनाच्या खोलीतल्या माणसानं काय करायचं? याचं उत्तर मला येत नाही. एखाद्या सेकंड इयरच्या मुलाला सुचेल. पण त्यासाठी त्यानं जूनमध्ये त्या खोलीत झोपून पाहिलेलं पाहिजे.

छपरांचंही थोडक्यात सांगतो. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, आपणही त्या वाटेनं गेलो. छपराला पांढरा चुना मारण्याचा उपाय तिथे वस्त्यांमध्ये करून झाला आहे. आपल्या मुलांनी तो पुन्हा ‘शोधू’ नये. त्यांनी शेजारच्या दोन सारख्या खोल्या घ्याव्यात, एकीला चुना, दुसरीला नाही, आणि रात्री दहाला आतलं तापमान रोज लिहावं. रात्रीचं. दिवसा माणूस कामावर असतो, रात्री त्याला झोपायचं असतं. पहिल्या पावसात चुना किती वाहून गेला तेही लिहावं.

स्थापत्यच्या मुलांसाठी एक बिनखर्चाचा विषय आहे. आपल्या शहरात गेल्या काही वर्षांत सिमेंटचे रस्ते झाले. चांगले झाले, खड्डे गेले. पण कितीतरी गल्ल्यांत रस्ता वर आला आणि घरं खाली गेली. आधी आमच्या अंगणातलं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्याचं पाणी अंगणात येतं. प्रत्येक घराचा जोता आणि समोरचा रस्ता यांत किती इंचांचा फरक आहे, हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं मोजता येतं. पारदर्शक नळी, थोडं पाणी, दोन मुलं, एक वही. एका गल्लीला एक सकाळ. सप्टेंबर २०२३ च्या पाण्याच्या रेघा अजून कितीतरी भिंतींवर आहेत, त्याही मोजून घ्याव्यात, पुढच्या दिवाळीच्या रंगात पुसून जाण्याआधी. असा गल्लीगल्लीचा नकाशा तयार झाला तर पुढचा रस्ता ओतण्याआधी तुमच्या अभियंत्याच्या टेबलावर तो पाहिजे. तो त्याला आवडणार नाही, ते वेगळं.

शहराबाहेरच्या मुलांनाही विसरू नका. काटोल-नरखेडच्या मुलाला संत्र्याच्या बहारावर पडणारी गारपीट माहीत आहे, मौदा-कामठीच्या मुलानं २०२० च्या ऑगस्टअखेर कन्हानचं पाणी गावात आलेलं पाहिलं आहे. त्यांना नागपुरात बोलावून पोस्टर लावायला सांगण्यापेक्षा आम्ही परीक्षक एसटीनं तिकडे जाऊ.

प्राचार्यांची अडचण मला कळते. मे महिन्यात परीक्षा. नवतप्यात, म्हणजे ऐन मोजायच्या दिवसांत, वसतिगृहं रिकामी, मुलं गडचिरोली, गोंदिया, यवतमाळला आपापल्या घरी. आणि शेवटच्या वर्षाचं पोर जुलैत पुण्याला नोकरीवर. म्हणून गट दोन वर्षांचा करा. दुसऱ्या वर्षाची दोन मुलं, तिसऱ्या वर्षाची दोन. मोठी गेली की धाकटी वही हातात घेतील. नव्या शैक्षणिक धोरणाखाली पदवीला क्षेत्रीय प्रकल्पाचे आणि समाजसहभागाचे श्रेयांक (क्रेडिट) आहेतच. त्यांच्यासाठी मुलं कुठून कुठून सही-शिक्के गोळा करून आणतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. तेच श्रेयांक नाल्यावरच्या वहीला द्या. उन्हाळ्यात नागपुरात राहणाऱ्या मुलांना वसतिगृह उघडं ठेवा आणि मेस सुरू ठेवा. ही मागणी छोटी दिसते, पण माझ्या अंदाजानं अर्ध्या स्पर्धा मेस बंद असल्यामुळे मरतात.

पैशाचं म्हणाल तर जिल्हा वार्षिक योजनेत ‘नावीन्यपूर्ण योजना’ असं एक शीर्ष आहे, ते जिल्हाधिकारी साहेबांना मी सांगायला नको. शासनाचं ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून गावांमध्ये आणि शहरांमध्ये स्पर्धा लावतंच. एकूण बक्षीस वाढवू नका, तोडून द्या. संक्रांतीला निवड झाली की एक हिस्सा सामानासाठी. होळीपर्यंत वस्तू जागेवर बसली की दुसरा. उरलेला सगळा दिवाळीनंतर. आणि एक बक्षीस फसलेल्या प्रयोगाला ठेवा. काय बसवलं, कधी बंद पडलं, का बंद पडलं, हे ज्या गटानं सगळ्यात प्रामाणिकपणे लिहिलं त्याला. आजवरच्या स्पर्धांत मला एकही फसलेला प्रयोग भेटलेला नाही. सगळे ‘शंभर टक्के यशस्वी’. बत्तीस वर्षं कार्यशाळेत काढलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो.

परीक्षकांमध्येही थोडी अदलाबदल हवी. आमच्यासारखे दोघे राहू द्या, पण सोबत ज्या घराच्या छपराला चुना मारला त्या घरातली बाई, ज्या नाल्यावर पेटी लावली तिथला सफाई कामगार, आणि ज्या गल्लीत भोंगा बसला तिथला एखादा भाडेकरू. त्यांना गुणपत्रिका देऊ नका. एवढंच विचारा, ‘ही वस्तू उद्या काढून नेली तर चालेल का?’ ‘न्या’ म्हणाले तर निकाल लागला.

महापालिकेच्या शाळांतली मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात दरवर्षी टाकाऊ वस्तूंचे प्रयोग करून दाखवतात, मी जमेल तेव्हा जातो. तिथली सातवी-आठवीची पोरं परीक्षकाला घाबरत नाहीत, कारण बक्षिसाचा ताण नसतो. ‘सर, हे आत्ता होत नाही आहे, पण घरी झालं होतं,’ असं खुशाल सांगतात. मोठेपणी त्यांची ही सवय आपण कुठे मोडतो, तेवढं प्राचार्यांनी एकदा पाहावं.

ती बादलीवाली मुलगी आता चाकणला नोकरीला आहे. मागच्या महिन्यात मी तिला फोन केला आणि तो जुना प्रोग्रॅम मागवून घेतला. तिनं तापमानाची ओळ घालून पाठवला. सेन्सर, बोर्ड आणि पेटी मी आणली आहे, वायरिंग मीच केलं. नाल्यावर लावायची परवानगी मिळेल तेव्हा मिळेल.

तोवर माझ्या घराच्या फाटकाचा डावा खांब, ज्यावर साडेतीन फुटांची रेघ आहे, तो मी या पत्राद्वारे शहरातल्या कोणत्याही विद्यार्थी गटाला उपकरण बसवण्यासाठी देत आहे. वीज माझ्या मीटरची. अर्ज, शिक्का, तीन प्रती, काही लागत नाही. दुपारी एक ते चार सोडून कधीही या.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
नागपूर